मारव्याची मान

व्हिडिओ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. मैत्रिणीने तिच्या बोआ जातीच्या पाळीव सापाचा, मारव्याचा, काढलेला. काचपेटीच्या कोपऱ्यात अंगाचं वेटोळं करून मारवा बसलाय, मान उभी, तोंड थेट झाकणाकडे, आणि एरवी कधी नीट दिसत नाहीत ते हनुवटीखालचे फिकट खवले दिव्याच्या उजेडात चमकतायत. खाली तिने एकच शब्द लिहिला होता, 'ध्यानस्थ'. त्याखाली बदामांची रांग. दिसत होताच तो तसा. साप एरवी जमिनीलगत जगणारा. तो असा वर तोंड करून निश्चल बसला की याला काहीतरी गवसलंय, असं बघणाऱ्याला वाटतंच. मी तो व्हिडिओ पाहिला, फोन ठेवला, कामाला लागले आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन उचलून पाहिला. मग पुन्हा. काहीतरी खुपत होतं आणि नेमकं काय, ते हाताला लागत नव्हतं.

लागलं ते आवाज बंद करून पाहिल्यावर. मान नुसती वर नव्हती. उभ्या रेषेच्याही मागे, स्वतःच्याच पाठीवर झुकत गेली होती. आणि त्या सबंध व्हिडिओत जीभ एकदाही बाहेर आली नव्हती. मेंदूच्या दुखण्यात सापाची मान अशी मागे जाते, हे मला ठाऊक होतं.

साप पाळणाऱ्या माणसाला जिभेचं इतकं का, ते घरात साप असल्याशिवाय पटत नाही. सापाला पापण्या नाहीत, बाहेरचे कान नाहीत, आवाज म्हणावा तर एक फुत्कार. दुखलं म्हणून तो कण्हत नाही, ताप आला म्हणून कुशीत शिरत नाही. माणसाला वाचता येईल असं त्याच्याकडे फार थोडं असतं: जीभ, मान, पकड आणि झडप. माझी सावली बॉल पायथन आहे, अजगराची एक छोटी जात. दिवसभर लपणीत पडून असते. संध्याकाळी दिवे मालवले की आधी नाकाचं टोक बाहेर येतं, मग जीभ. बाहेर येऊन वर-खाली हलते, आत जाते, हवेतले गंध टाळूतल्या जेकबसन अवयवाला पोचवते, आणि मग सावली वीतभर पुढे सरकते. पुन्हा जीभ, पुन्हा वीतभर. पेटीत मी काही हलवलं असेल, पाण्याचं भांडं नुसतं वळवून ठेवलं असेल, तरी जिभेचा वेग वाढतो. हातावर घेतली की पहिल्यांदा माझं मनगट चाचपते आणि शेपटीकडचा भाग बोटांभोवती असा आवळते, की सोडवायला दुसरा हात लागतो. हे मी रोज बघते, आणि रोज बघण्यात मला अजून कंटाळा आलेला नाही. आजाराच्या लक्षणांच्या याद्या पुष्कळ मिळतात. पण ती यादी ज्याच्यावर ठेवून बघायची तो आपल्या सापाचा रोजचा दिवस कुठल्या यादीत नसतो, तो आपणच पाठ केलेला असावा लागतो.

फोन करायला मला बराच वेळ लागला. सांगायचं कसं? ज्या व्हिडिओवर माणूस खूश आहे, त्याच व्हिडिओत आजार दिसतोय असं म्हणायचं. शिवाय मी डॉक्टर नाही. तरी केला. ती हसली. "अगं, तो नेहमीच वर बघतो." आणि यात खोटं काही नव्हतं. साप वर बघतातच. झाकणाची फट शोधायला, चढायला जागा आहे का ते चाचपायला, वरून हात आला तर तो खाण्याचा आहे की उचलण्याचा ते ओळखायला. श्वसनमार्गात कफ भरलेला सापही डोकं उचलून, तोंड किंचित उघडं ठेवून बसतो, कारण तसं बसल्यावर त्याला श्वास बरा घेता येतो. कात टाकायच्या आधी डोळ्यांवरचं आवरण दुधाळ होतं, तेव्हा नेम चुकतो, साप चिडचिडा होतो, खात नाही. यातलं काहीही मेंदूचं दुखणं नाही. मी तिला एवढंच विचारलं, की वर बघताना तो मध्येच थांबून जीभ काढतो का? तू बोट पुढे केलंस तर मान खाली आणतो का? हातात घेतल्यावर विळखा घालतो, की नुसता लोंबतो? शेवटचं खाल्लं कधी?

पलीकडे काही वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "खाल्लेलं बाहेर काढलं गं त्याने. मागेही एकदा काढलं होतं."

मी म्हटलं, उद्याच दाखव.

डॉक्टरांकडे मीही गेले. त्यांनी आधी काहीच केलं नाही, टेबलावर मारव्याला सोडून नुसते बघत राहिले. मारवा पुढे निघाला, पण सरळ रेषेत नाही. डोकं एका बाजूला कललेलं, आणि थांबला की डोक्याला बारीक कंप. म्हाताऱ्या माणसाच्या हातातला भरलेला कप थरथरावा तसा, इतका बारीक, की मी चष्मा सारखा केला. मग त्यांनी त्याला दोन्ही हातांनी आधार देऊन हलकेच पाठीवर वळवलं. निरोगी सापाला हे क्षणभरही चालत नाही. आधी डोकं उलटतं, त्यामागून मान, आणि ती पीळ खाणारी लाट शेपटीपर्यंत धावत जाते. पोटाचे रुंद खवले एकामागून एक टेबलाला टेकत जातात आणि साप सरळ होतो. मारव्याचं डोकं वळलं. मान अर्धी वळली. तिथे ती लाट थांबली. मधलं अंग तसंच उताणं, पांढरट पोट वर, आणि डोकं मात्र आपण सरळ झालो अशा समजुतीने पुढे निघालेलं. डॉक्टरांनी लगेच त्याला उचलून सरळ केलं. हे घरी करून बघू नका, निदान पुन्हा पुन्हा तर मुळीच नाही, असं त्यांनी आम्हा दोघींकडे बघत सांगितलं. तोल गेलेल्या जिवाला त्यात फार भीती वाटते, असं ते म्हणाले. सापाच्या भीतीबद्दल इतक्या साधेपणाने बोलणारा माणूस मला आवडतो.

मग प्रश्न सुरू झाले. हीट मॅटला थर्मोस्टॅट आहे का, तो बिघडला होता का? कारण जास्त तापमानानेही मेंदूला इजा होते आणि तीही अशीच दिसते. घरात कीटकनाशकाची फवारणी झाली का? पेटीत माइट, म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक किडे, झाले म्हणून कुठला स्प्रे मारला का, कुणी कीटकनाशकाची पट्टी टांगली का? पायरेथ्रॉइड किंवा ऑर्गनोफॉस्फेट जातीची औषधं सापाच्या चेतासंस्थेवर थेट घाव घालतात. थरथर, झटके, अंगाचे पीळ, सगळं दिसतं, आणि वेळेत ओळखलं तर काही साप त्यातून उठतातही. कुठलं औषध आधी दिलंय का? मेट्रोनिडॅझोलचा डोस जास्त झाला तरी साप तोल हरवतो. मासे खाणारे साप असते, गार्टर स्नेकसारखे, तर त्यांनी माशांबद्दलही विचारलं असतं, कारण काही माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं आणि नुसत्या त्या कमतरतेने साप आकडी आल्यासारखा वळवळतो. जीवनसत्त्व दिलं की सुधारतोही. मैत्रीण प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणत होती. एरवी आई-बाप डॉक्टरांसमोर 'नाही, असं काही नाही' म्हणताना सुटकेचा श्वास टाकतात. इथे प्रत्येक 'नाही'बरोबर बरं होण्यासारखं एकेक कारण हातातून जात होतं, आणि तिला ते कळत होतं. तिच्या आवाजावरून मला ते कळत होतं.

रक्त घेतलं. काचपट्टीवर पसरून रंगवलं. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक आमच्याकडे सरकवला. पांढऱ्या पेशींच्या आत, केंद्रकाच्या शेजारी, गुलाबीसर गोल ठिपके. इन्क्लुजन बॉडी. आजाराला नावही त्यावरूनच, इन्क्लुजन बॉडी डिसीज, सापवाल्यांच्या तोंडी नुसतं आयबीडी. ते ठिपके म्हणजे विषाणूच्या प्रथिनाचे साचलेले गोळे. मी पुष्कळ वेळ डोळा लावून होते. बाहेरून इतका देखणा प्राणी, आणि आत दर काही पेशींमागे एकीत हे.

बोआ आणि पायथन पाळणाऱ्यांत हा आजार १९७० च्या दशकापासून माहीत आहे. प्राणिसंग्रहालयांतल्या आणि घरांतल्या पेट्या त्याने रिकाम्या केल्या, पण तो कशाने होतो ते कितीतरी वर्षं सापडत नव्हतं. ते सापडलं २०१२ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जोसेफ डेरिसी यांच्या प्रयोगशाळेत. त्यामागची एक गोष्ट मला फार जवळची वाटते: स्वतःचा बोआ आजारी पडेल या काळजीने एका बाईने त्या प्रयोगशाळेला पत्र लिहिलं होतं, याचं कारण शोधा म्हणून. पुढे तिथल्याच स्टाइनहार्ट मत्स्यालयातल्या सापांना आजाराने गाठलं, नमुने मिळाले, आणि त्यांत अरेनाव्हायरस निघाला. तोवर हा विषाणूंचा गट फक्त सस्तन प्राण्यांत, मुख्यतः उंदरांत, राहतो असं मानलं जात होतं. लासा तापाचा विषाणू याच कुळातला. सापांतल्या या विषाणूंना आता रेप्टअरेनाव्हायरस म्हणतात. माणसाला ते बाधतात असा काही पुरावा नाही. औषध मात्र अजून नाही.

"मग इतके दिवस दिसलं का नाही?" मैत्रिणीने विचारलं. आणि त्याखालचा न विचारलेला प्रश्न, माझं काही चुकलं का. डॉक्टर म्हणाले, बोआ हा विषाणू महिनोन्महिने, वर्षानुवर्षं अंगात घेऊन हिंडतो. खातो, वाढतो, कात टाकतो, पिल्लंही देतो, आणि पिल्लांना जन्मतःच तो देऊन टाकतो. मारव्याला तिच्याकडे येण्याआधीच लागण झालेली असू शकते. मग कधीतरी खाल्लेलं ओकणं, वजन उतरणं, आणि शेवटी डोकं. म्हणून नवा साप आणला की निदान ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, वेगळ्या भांड्यांनी ठेवायचा असं सांगतात. बोआ-पायथनच्या बाबतीत काही डॉक्टर सहा महिने म्हणतात. पण जो साप सगळा काळ धडधाकट दिसतो, त्याला ९० दिवस नुसतं बघून काय कळणार? त्याचं रक्तच तपासावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा.

पीसीआरचा, म्हणजे विषाणूचा अंश शोधणाऱ्या चाचणीचा, अहवाल येईपर्यंतच्या दिवसांत मी रात्री फोनवर सापांचे व्हिडिओ बघत बसायचे. एका रात्री समोर आला तो स्पायडर जातीचा बॉल पायथन. पिवळसर अंगावर काळ्या बारीक रेघांची जाळी. खरोखर सुंदर. आणि डोकं डुलतंय. विकणाऱ्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. थोडं डोलतो, या जातीत असतंच, एवढंच तो म्हणाला. हा नक्षीचा प्रकार १९९९ मध्ये पहिल्यांदा पैदास झाला. ज्या जनुकाने ती जाळी येते त्याच जनुकाने तोल जातो, दोन्ही सुटे करता येत नाहीत. २०२२ मध्ये सूक्ष्म सीटी स्कॅन करून संशोधकांनी या सापांच्या आतल्या कानाची रचना पाहिली, तर तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि सॅक्युल ही पिशवी घडणीतच बिघडलेली होती. सापाला बाहेरचा कान नसला तरी आतला असतो, आणि वर कुठे, खाली कुठे हे त्याला तोच सांगतो. या सापांना ते जन्मापासून धड कळत नाही. काहींचं डोलणं जेमतेम दिसतं, काही मळसूत्रासारखे पिळत राहतात, भक्ष्यावर झेपावून बाजूच्या काचेवर आपटतात. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने २०१८ पासून आपल्या प्रदर्शनांत यांची विक्री बंद केली. बाकी ठिकाणी पैदास चालूच आहे, आणि 'खातो-पितो, त्याला काही त्रास नाही' हे उत्तर ठरलेलं. मला ते मान्य नाही. तोल गेलेला सापही खात राहू शकतो; त्यावरून त्याचं बरं चाललंय असं ठरवणं हा आपल्या सोयीचा हिशेब झाला. मारव्याचा आजार कुणी मुद्दाम घातला नव्हता. इथे आजार माहीत असून, नक्षीसाठी, पुन्हा पुन्हा जन्माला घातला जातो. ज्यांच्या घरी असा साप आहे त्यांनी त्याला जीव लावावा, पेटीत उंच फांद्या न ठेवता जमिनीलगतच्या लपणी द्याव्यात, खाऊ चिमट्याने अगदी तोंडाजवळ न्यावा, ताण कमी ठेवावा. पण त्याची पिल्लं काढू नयेत.

पीसीआरचा अहवाल आला तोवर मारवा पाण्याच्या भांड्यातून डोकं स्वतःहून वर काढू शकत नव्हता. मैत्रिणीने भांडं उथळ केलं, मग तेही काढून बोटाने ओठांवर पाणी सोडायला लागली. एका संध्याकाळी मी तिथे होते. त्याची मान पुन्हा मागे गेली, आणखी मागे, डोक्यावरचे खवले पाठीला टेकेपर्यंत. तिने तळहात त्याच्या डोक्याखाली सरकवला आणि नुसता धरून ठेवला. ती काही बोलली नाही. मला मात्र तो व्हिडिओतला पहिला दिवस आठवून पोटात कालवलं, कारण आता बघताना यात शांतपणाचा लवलेश दिसत नव्हता. पाठीचे स्नायू त्याला न विचारता आवळले जात होते. त्याची जीभ एकदा बाहेर आली, अर्धीच, आणि आत जायला तिला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना दयामरणासाठी फोन केला. आधी भूल, मग इंजेक्शन. भूल चढली तशी मान सैल पडली. कितीतरी दिवसांनी सरळ.

शवविच्छेदनाला तिने आधी नकार दिला होता. मग स्वतःच होकार दिला, तो भुंग्यासाठी. भुंगा तिचा बॉल पायथन, त्याच खोलीत, मारव्याच्या शेजारच्या पेटीत राहणारा. मारव्याच्या मेंदूत, यकृतात, मूत्रपिंडात, स्वादुपिंडात सगळीकडे ते ठिपके निघाले. आणि पायथनचं गणित बोआहून वेगळं असतं, हे आम्हाला तोवर कळलं होतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हाच विषाणू बोआ आणि बॉल पायथन दोघांना दिला गेला. बोआ दोन वर्षं वरून धडधाकट राहिले. पायथनना दोन महिन्यांच्या आत मेंदूची गंभीर लक्षणं दिसली. वर पुन्हा त्यांच्या पेशींत ते ठिपके फारसे नव्हते. म्हणजे ज्या काचपट्टीने मारव्याचं दुखणं उघडं पाडलं, ती भुंग्याच्या बाबतीत गप्प राहू शकते. त्याचं पीसीआरच करायला हवं, रक्ताचं आणि अन्ननलिकेतून फिरवलेल्या बोळ्याचंही, आणि काही काळाने परत.

भुंग्याची पहिली चाचणी निगेटिव्ह आली. नंतरचीही आली. त्या खोलीतलं लाकडी सामान तिने टाकून दिलं, पेट्या ब्लीचच्या पातळ द्रावणाने धुतल्या. सापांच्या अंगावरचे माइट हा विषाणू पसरवतात असा संशय आहे, म्हणून भुंग्याचा एकेक खवला भिंगाखाली पाहिला, हनुवटीखालची खाच आणि डोळ्यांभोवतीची कड सुद्धा. आता ती त्याची वही ठेवते: वजन, खाल्लं-नाही खाल्लं, कात, झडप नेमकी बसली की चुकली. मला फोनवर वाचून दाखवते. कधी एखादी झडप चुकते आणि ती रात्री उशिरा फोन करते. आम्ही दोघी डोळे दुधाळ झालेत का ते बघतो. आतापर्यंत प्रत्येक वेळी झालेले होते.

परवा तिने विचारलं, तिला काही दिवस बाहेर जायचंय, भुंग्याला माझ्याकडे ठेवता येईल का. तिच्याकडे दुसरं कुणी नाही, आणि भुंग्याला मी चांगली ओळखते. माझ्या घरात सावली आहे. मी म्हटलं, तुझ्या घरी रोज येईन, त्याचं पाणी बदलेन, तो नीट सरकतोय का ते बघत बसेन, घरी आल्यावर कपडे बदलून अंघोळ केल्याशिवाय सावलीच्या पेटीला हात लावणार नाही. पण त्याला माझ्याकडे आणू नकोस. तिला लागलं ते. थोडं थांबून तिने विचारलं, किल्ली आज नेतेस की उद्या.